सोबतीची झाडं, ठाण्याच्या हवेत

गणपतीचं विसर्जन झालं की ठाणे-नवी मुंबईतल्या बाल्कन्यांमध्ये आणि गच्च्यांवर बियाण्यांची पाकिटं उघडतात. या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत दोनच चौकश्या आहेत: कोणतं झाड कोणाच्या शेजारी लावावं, आणि रासायनिक औषध न मारता कीड कशी आवरावी. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पश्चिमेची, ऊन दुपारी दोननंतर. मोबाइलवर सोबतीच्या झाडांचा एक तक्ता आला. त्यात टोमॅटोजवळ गाजर, कोबीजवळ शेपू, घेवड्यापासून कांदा लांब, अशा पन्नासेक जोड्या आहेत. तसं लावू का? (वाचक, ठाणे पश्चिम)

तक्ता बाजूला ठेवा. असे बहुतेक तक्ते थंड देशांतल्या, जमिनीवरच्या वाफ्यांसाठी बनलेले असतात आणि त्यांतल्या पुष्कळ जोड्या कुणी तपासून न पाहता पुढे पाठवलेल्या असतात. जोडी का जमते हे कळलं की तक्त्याची गरजच उरत नाही.

शेपू, कोथिंबीर, बडीशेप फुलावर आली की तिच्या बारीक उघड्या फुलांवर मावा खाणाऱ्या माश्यांचे प्रौढ आणि अळ्यांमध्ये अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या येतात. म्हणजे शेपूचा उपयोग फुलोऱ्यात आहे. भाजीसाठी कोवळा कापला तर कोबीला त्याचा काही फायदा नाही. मोहरी कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला स्वतःकडे ओढते. झेंडूच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) कमी होतात. आणि काही जोड्या केवळ जागा आणि वेळ वाटून घेतात: एक झाड उंच आणि सावकाश, दुसरं बुटकं आणि घाईचं.

चौदाव्या मजल्यावर ही शेवटची जोडीच तुमच्या सर्वांत जास्त कामाची. तिथे मित्रकीटक फार थोडे पोचतात. मावा आणि पांढरी माशी मात्र वाऱ्याबरोबर सहज येतात. २० लिटरच्या ग्रो बॅगेत टोमॅटोचं एकच रोप मधोमध लावा आणि कडेने कोथिंबीर पेरा. धने लाटण्याने हलके दाबून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सकाळी निथळून लगेच अर्धा इंच खोल पेरा. कोथिंबीर चाळीसेक दिवसांत काढणीला येते, तोवर टोमॅटोने अजून सावली धरलेली नसते. कडेची दोन रोपं फुलायला सोडा. कोथिंबिरीऐवजी मेथी किंवा लाल माठही चालतो, तो पंचवीस-तीस दिवसांतच निघतो.

बिघडतं ते इथे: बारा इंची कुंडीत टोमॅटो, पालक, गाजर, वर तुळस, सगळं 'सोबती' म्हणून कोंबलं जातं. मुळं एकमेकांत गुंततात, दुपारपर्यंत माती कोरडी पडते आणि कुणालाच धड काही मिळत नाही. फळभाजीचं मोठं झाड २० लिटरला एक, हा हिशेब मोडू नका. हिवाळ्यात तुमच्याकडे जेमतेम चार तास ऊन राहील, त्यामुळे मोठ्या फळाच्या टोमॅटोपेक्षा चेरी टोमॅटो आणि मिरची बरी.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २० लिटरची पिशवी नुसत्या लाल मातीने भरली तर पाणी घातल्यावर ३० किलोच्या वर जाते. लाल माती ४ भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग आणि प्रत्येक पिशवीला दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण करा, वजन बरंच उतरतं. आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला कुंडी टांगू नका. त्या उंचीवरचा वारा आणि खालून जाणारी माणसं, दोन्हींचा विचार करा.

प्रश्न : गच्चीवर आठ टोमॅटोंच्या भोवती झेंडू लावला, तरी फळाला भोक पाडणारी हिरवी अळी लागलीच. झाड उपटलं तर मुळांवर गाठी दिसल्या. झेंडूने दोन्ही थांबतं असं ऐकलं होतं. (वाचक, नेरूळ)

झेंडू ही दोन्ही कामं करतो, पण ती दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची रीतही वेगळी.

आधी अळी. ती घाटेअळी. तिची मादी झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालणं पसंत करते, म्हणून झेंडू इथे सापळा पीक. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने शेतासाठी सांगितलेली पद्धत अशी: टोमॅटोच्या १६ ओळींना उंच आफ्रिकन झेंडूची १ ओळ, आणि लागवडीच्या दिवशी झेंडूचं रोप ४० दिवसांचं तर टोमॅटोचं २५ दिवसांचं. सगळी मेख या दिवसांत आहे. टोमॅटो फुलावर येतो त्याच वेळी झेंडूही फुललेला हवा. तुम्ही दोन्ही बी एकाच दिवशी पेरलं असेल तर पतंग आला तेव्हा त्याच्यासमोर फक्त टोमॅटो होता. या हंगामात झेंडू आज पेरा, टोमॅटो पंधरा दिवसांनी.

आठ झाडांच्या गच्चीवर शेतातलं प्रमाण जसंच्या तसं लागू होत नाही. मोठ्या कुंड्यांत दोन झेंडू पुरेत, कडेला आणि उन्हात. पण सापळा लावला की तो रिकामाही करावा लागतो. दर दोन दिवसांनी झेंडूच्या कळ्या उघडून बघा, अळी सापडली की साबणाच्या पाण्यात टाका. हे केलं नाही तर तोच झेंडू अळ्यांचं पाळणाघर होतो. टोमॅटोवर भोक पडलेलं फळ दिसलं की लगेच तोडा, अळी एका फळातून दुसऱ्यात जाते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मात्र झेंडूवर लाल कोळी माजतो. पानं राखी-पिवळी पडून बारीक जाळी दिसली की ते झाड तिथून काढा.

आता गाठी. त्या सूत्रकृमींच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या. त्यांच्यासाठी बुटका फ्रेंच झेंडू जास्त चांगला, पण टोमॅटोशेजारी एखादं रोप ठेवून काहीच होत नाही. झेंडूच्या जिवंत मुळांतल्या द्रव्याचा परिणाम मुळांच्या अगदी लगतच होतो. ज्या पिशवीत गाठी सापडल्या तिच्यात दुसरं काही न लावता सहा-सहा इंचांवर झेंडू दाटीने लावा, दोन-अडीच महिने वाढवा, मग झाडं बारीक चिरून मुळांसकट त्याच मातीत मिसळा. म्हणजे एक हंगाम ती पिशवी झेंडूचीच.

इतका धीर नसेल तर उन्हाळ्यात माती तापवा. एप्रिल-मेमध्ये माती ओलसर करून फरशीवर चार-पाच इंचांचा थर द्या, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारी कडा विटांनी दाबा, चार ते सहा आठवडे ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. कोरडी मातीही नको, ओलाव्यानेच उष्णता आत शिरते. या मातीतले उपयोगी जीवही मरतात, म्हणून नंतर तिच्यात चौथा हिस्सा गांडूळखत मिसळायचं.

प्रश्न : वांगी, मिरची, टोमॅटो एका लांब ट्रेमध्ये आहेत. हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. पाणी भरपूर आहे. पान पिवळंही पडत नाही. (वाचक, ऐरोली)

हा बहुधा जिवाणूजन्य मर. कोकणपट्टीच्या दमट, उष्ण, आम्ल मातीत तो फार आढळतो. खात्री घरीच करता येते. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, दोन-तीन इंचांचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा टांगा आणि हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर मर नक्की. धागे आले नाहीत तर मुळकूज किंवा बुरशी शोधा. पाण्याचं भोक तुंबलंय का तेही बघा.

वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ही एकाच कुळातली. त्यांना एकत्र ठेवणं म्हणजे एका ताटात सगळ्या आजाऱ्यांना जेवायला बसवणं. रोग मातीतून, पाण्यातून आणि तुमच्या कात्रीतून पसरतो. झाड मुळांसकट उपटून पिशवीत बांधून टाका, घरच्या कंपोस्टमध्ये अजिबात नको. त्या ट्रेची माती दुसऱ्या कुंडीत घेऊ नका आणि तिच्यात आलंही लावू नका. तिथे आता मका, मेथी, चवळी अशी परकी कुळं फिरवा, निदान दोन वर्षं. वांगी-टोमॅटो नव्या मिश्रणात, वेगवेगळ्या पिशव्यांत. बी घेताना टोमॅटोत 'अर्का रक्षक', वांग्यात 'अर्का निधी' किंवा 'अर्का केशव' मिळतं का बघा. हे वाण मर रोगाला दाद देत नाहीत. कोणत्याही फवारणीने, सेंद्रिय असो वा रासायनिक, लागलेला मर बरा होत नाही. दशपर्णी अर्काने (दहा झाडांच्या पाल्याच्या घरगुती कीडनाशकाने) होतो असं सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : दुधीला फुलं खूप, पण बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. मधमाश्या याव्यात म्हणून शेजारी तुळस आणि झेंडू लावले. दहावा मजला. (वाचक, खारघर)

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं. त्याचं काम रात्रीचे पतंग करतात. दिवसा येणाऱ्या मधमाश्यांसाठी लावलेल्या झेंडूचा त्याला उपयोग नाही, आणि दहाव्या मजल्यावर पतंगही क्वचितच येतात. तेव्हा हातानेच परागीकरण करा.

संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा (त्याच्या मागे नुसता लांब देठ असतो), पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तीन फाकांच्या तोंडावर सगळीकडून हलकेच घासा. मादी फूल ओळखणं सोपं, त्याच्या मागे इवलासा दुधी असतो. एका नर फुलात दोन माद्या होतात. अर्धवट घासलं तर दुधी एका बाजूने बारीक, वाकडा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घासून फारसं काही मिळत नाही.

वेलभाज्यांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. दुधी, शिराळी आणि पडवळ संध्याकाळचे. काकडी, कारली, लाल भोपळा आणि घोसाळी सकाळची, त्यांना मधमाश्या चालतात. शिराळी आणि घोसाळी इतकी जवळची, तरी एक संध्याकाळी फुलते, दुसरी पहाटे. सकाळच्या वेलींशेजारी फुललेली तुळस जरूर ठेवा, मंजिऱ्या खुडू नका.

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस फक्त नर फुलं येतात, ते स्वाभाविक आहे. वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर माद्या जास्त येतात. त्या फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडणं म्हणजेच सध्या गाजणारं 'थ्रीजी कटिंग'. पण २० लिटरच्या पिशवीत ते करू नका, दुधीला निदान ४० लिटर माती हवी. नाहीतर माद्या येतील आणि पोसवणार नाहीत, गळ चालूच राहील.

गळलेला दुधी चिरून बघा. आत स्वच्छ असेल तर परागीकरण झालं नव्हतं. सालीवर टोचल्याचा बारीक डाग, त्यावर डिंकाचा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. मग परागीकरणानंतर फूल मिटलं की त्याच दिवशी फळावर जुन्या ओढणीच्या जाळीदार कापडाची पिशवी सैल बांधा. किडकी फळं मातीवर पडू देऊ नका, अळी मातीतच कोषात जाते. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत चार दिवस उन्हात ठेवून मग टाका. सापळा घेताना 'क्यू ल्यूर' (वेलभाज्यांवरच्या फळमाशीच्या नरांना ओढणारं गंधद्रव्य) असं मागून घ्या. दुकानदार पुष्कळदा मिथाइल युजेनॉलचा, आंब्यावरच्या फळमाशीला ओढणारा सापळा हातात देतात, त्यात वेलभाज्यांवरची माशी येत नाही. तुळशीतही कमीअधिक मिथाइल युजेनॉल असतं, म्हणून तुळशीने फळमाशी पळते हा समज धरू नका.

प्रश्न : जास्वंदीवर पांढरा कापसासारखा ढेकूण. नीम तेलाने पानंच करपली. (वाचक, सानपाडा)

पानं करपण्याचं कारण बहुतेक वेळा दुपारची फवारणी किंवा न मिसळलेलं तेल. ५ मिली नीम तेलात आधी २ मिली पातळ साबण घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा, मग कोमट पाणी थोडं थोडं घालत १ लिटर करा. पाण्यात थेट तेल ओतलं तर ते वर तरंगतं आणि शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा होतो. दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. फवारणी सूर्य मावळताना, पानांच्या खालून, सात दिवसांनी पुन्हा. उन्हात नीमचं मुख्य द्रव्य लवकर निकामी होतं. मिसळलेलं त्याच दिवशी संपवा.

पण त्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारून आणि साबणाच्या बोळ्याने पुसून जेवढे जातील तेवढे घालवा आणि मुंग्या बघा. पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. खोडाला उलट्या बाजूने चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावा. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवण्याचा जुना उपाय आपल्या शहरांत नको, तिथे डेंग्यूचे डास होतात.

फवारण्यापूर्वी पुसायला घेतलेला 'ढेकूण' नीट बघा. इतरांपेक्षा मोठा, लांब झुपकेदार आणि भरभर चालणारा असेल तर ती ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी आहे. चवळीच्या माव्यात फिरणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या आकाराची अळीसुद्धा ढालकिड्याचीच. या दोन्ही अळ्या लोक कीड समजून चिरडतात, फार वाईट वाटतं. त्या दिसल्या तर त्या झाडावर आठवडाभर काहीही मारू नका.

प्रश्न : फ्लॅटमध्ये जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं पाणी) करता येईल का? वास? (वाचक, कळवा)

येईल, पण थोडं करा. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं एकरी प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती. दहा-बारा कुंड्यांना २ लिटर पुरतं: १०० ग्रॅम शेण, ५० ते १०० मिली गोमूत्र, गूळ आणि बेसन २०-२० ग्रॅम, चमचाभर कुंडीतली माती. नळाचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा म्हणजे क्लोरीन कमी होतो. भांड्यावर कापड बांधा, घट्ट झाकण नको, आत वायू धरतो. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांनी १ भागाला १० भाग पाणी मिसळून मातीत ओता. आंबूस-गोडसर वास ठीक, सडकी दुर्गंधी आली तर ढवळणं कमी पडलं. आठवड्याच्या आत संपवा.

कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खायच्या पानांवर ते फवारू नका, त्यात शेण आहे. आणि त्याला खत समजू नका. फळणाऱ्या टोमॅटोला दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत लागतंच.

प्रश्न : तुळस आणि पुदिना एका कुंडीत चालेल? (वाचक, वाशी)

नाही. पुदिना धावतो, सतत ओल मागतो. तुळशीला दोन पाण्यांमध्ये वरची माती सुकलेली हवी. पुदिना एकटा, रुंद आणि उथळ भांड्यात लावा.

प्रश्न : तंबाखूचं पाणी मारू का? घरगुतीच आहे. (वाचक, डोंबिवली)

मारू नका. निकोटीन माणसाला, मुलांना, मांजराला विषारी आहे, त्वचेतूनही जातं. शिवाय तंबाखूतून विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, तेही याच कारणाने.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी बंगल्याभोवती जागा आहे, चार जुने नारळ आहेत. नारळाखाली काय लावावं? पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी सगळं फस्त करतात. (वाचक, ठाणे)

सोबतीची लागवड कोकणाला नवी नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली 'लाखी बाग' तीच आहे: नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ, केळी, अननस. जुन्या नारळाखाली झिरपतं ऊन पडतं, त्यामुळे तुमच्या चारांनाही ते जमेल. बुंध्यापासून पाच-सहा फूट जागा मोकळी सोडा, तिथे नारळाची मुळं दाट असतात. मिरीचा वेल नारळावर चढवा, मधल्या जागेत पुढच्या जूनच्या तोंडाशी हळद आणि आलं, पाणी साठतं तिथे अळू.

आत्ता उन्हाच्या पट्ट्यात वाल पेरा. पाऊस संपल्यावरच्या ओलीवर ठाणे-रायगडात तो पिढ्यान्‌पिढ्या होतो. वाल, चवळी हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतात, पण शेजारच्या झाडाला तो लगेच फारसा मिळत नाही. फायदा पुढच्या पिकाला होतो. म्हणून शेंगा संपल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या.

गोगलगायींसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली कोबीची पानं आणि पपईच्या साली ठेवा, सकाळी गोळा करून मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. जमिनीवर मीठ टाकू नका, माती खराब होते. राखेची रेघ पहिल्या सरीतच वाहून जाते. गोगलगायीला उघड्या हाताने धरू नका, तिच्यात माणसाला बाधणारा परजीवी असू शकतो. त्यासाठी हातमोजे घाला आणि त्या वाफ्यातली पालेभाजी पानन्‌पान धुऊन, शिजवूनच खा. विटांचे ढीग, पडलेल्या झावळ्या, जुन्या कुंड्या उचला. दिवसा त्या तिथेच दडतात. मातीत वाटाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचे पुंजके सापडले तर तेही त्याच बादलीत. हे काम जूनच्या पहिल्या पावसापासून रोज रात्री करायला लागा, ऑगस्टमध्ये सुरू केलं तर तोवर त्यांची पुढची पिढी बाहेर पडलेली असते.